फिफीचा बाप कशानं गेला

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मासळी भट्टीवर चढवायला उशीर झाला की मी पोरींच्या सात पिढ्या बाहेर काढते. पण त्या मंगळवारी दवाखान्यात मी जे बोलले ते रागानं नाही, तोऱ्यात बोलले, आणि त्या तोऱ्यापायी माझा भाऊ हातचा जायचा होता. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मन्सानं स्वतःची चूक झाकून ठेवली.

फिफी माझ्या पाठचा. आई एक, बाप वेगवेगळे. आमच्यात याला कुणी सावत्र म्हणत नाही. एका पोटातून आले ते सख्खे. मी नऊ वर्षांची असताना तो झाला, आईनं तो माझ्या पाठीवर बांधला आणि जवळजवळ तिथंच तो वाढला. आता अठ्ठेचाळीसचा आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. अंगानं रेडा, स्वभावानं गाय.

मंगळवार समुद्रदेवाचा, त्या दिवशी समुद्रावर कुणी जात नाही, म्हणून दवाखान्यानं पुरुषांची तपासणी मंगळवारी ठेवली होती. फिफीला मी ओढून नेलं असं कुणी समजू नका, तो आपणहून निघाला. मी गेले कारण त्या दिवशी माझ्या भट्ट्या थंड असतात आणि मला घरी बसवत नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर दहाबारा नाखवे अंग चोरून बसले होते. एरवी लाटांवर आरडाओरडा करणारे हे वीर, पण कमरेखालचा विषय म्हटल्यावर शाळेतल्या पोरांसारखे खाली बघत होते. टेबलाशी नवी नर्स होती, जिफा नावाची. पोरगी केटाकडची, पार देशाच्या दुसऱ्या टोकाची. तिकडे सगळं बापाच्या वंशानं चालतं. आमची भाषा बोलायची छान, फक्त जरा पुस्तकी.

"मामा, घाबरू नका," ती सगळ्यांना म्हणाली. "आज फक्त रक्त घ्यायचंय. प्रोस्टेट म्हणून पुरुषांना मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, आपण चघळतो त्या कोलाच्या बीएवढी. तिचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. लघवी अडायची वाट बघत बसलात तर उशीर होतो."

"आमची कुठं अडतेय?" बाकावरून एक म्हातारा म्हणाला. "उलट थांबतच नाही. रात्री चारदा उठवते."

"मग आजोबा, तुम्ही पहिले आत या," जिफा म्हणाली, आणि सगळा बाक खदखदून हसला. मला पोरगी तिथंच आवडली.

फिफीची पाळी आली तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जिफानं वय लिहिलं, काही त्रास आहे का विचारलं, मग म्हणाली, "मामा, हा आजार आपल्या काळ्या लोकांना जास्त होतो आणि लवकर होतो. त्यातून बापाला किंवा भावाला झालेला असला तर धोका दुपटीच्याही वर जातो. तुमच्या वडिलांना होता का?"

"वडील गेले तेव्हा मी बावीसचा होतो," फिफी म्हणाला. "शेवटचं वर्ष ते त्यांच्या घराण्यात होते, त्यांच्या गावी. कंबर दुखायची म्हणे."

"म्हणे म्हणजे? नक्की कशानं गेले?"

फिफी तोंड उघडणार, एवढ्यात मी मध्ये पडले. काय गरज होती मला? पण मी आमच्या घराण्यातली थोरली बाई. आमच्या आजीच्या आईपासून कोण बुडालं, कोण बाळंतपणात गेली, कुणाला साप चावला, सगळं मला तोंडपाठ. मयताच्या वेळी घराण्याचा मुख्य माणूससुद्धा मला विचारून बोलतो. ती मिजास होती.

"अगं पोरी," मी म्हटलं, "त्याचा बाप आमच्यातला नव्हे. आमचं घराणं आईकडून चालतं. बापाकडून माणसाला नाव मिळतं, आणि मिरवणुकीत कुठल्या असाफोच्या, कुठल्या पथकाच्या निशाणाखाली चालायचं ते मिळतं. रक्त आईचं. आणि आईच्या घराण्यात पाच पिढ्यांत एकालाही लघवीचं दुखणं नाही. लिही, नाही."

"पण मावशी, वडिलांचं—"

"लिही गं. मला विचारून सगळा गाव लिहितो."

बाक पुन्हा हसला. एकानं तर टाळी दिली. बिचारी जिफा नवी, समोर दहाबारा पुरुष, वर माझ्या तोंडाचा पट्टा. तिनं खाली मान घालून लिहिलं. मी छाती काढून बाहेर आले.

आठवड्यानं आकडा आला, तीन पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, या वयाला किंचित वर आहे, पण त्रास नाही, घरात कुणाला नाही, तेव्हा वर्षानं पुन्हा दाखवा. फिफी खूश. मी पामफळांचं सूप केलं, त्याची बायको एसाबा आणि दोन्ही मुलगे जेवायला आले, जोजो आणि कुकू. कशाची म्हणून काळजी नव्हती.

तीन महिने गेले. कोरडा वारा सुटला होता, भट्टीचा धूर सरळ वर जायचा. मंकेसिमच्या बाजारात मी हेरिंग घेऊन बसले होते आणि बेन्यिवा आली. ही फिफीच्या बापाच्या गावची, त्याच घराण्यातली. वर्षानुवर्षं माझ्याकडून मासळी नेते आणि वर्षानुवर्षं मासळीला नावं ठेवते.

"तुझा भाऊ परवा दिसला," ती टोपली उचकत म्हणाली. "चालणं अगदी ओटूचं गं. देव करो आणि त्याच्यावर नळीची वेळ न येवो."

ओटू म्हणजे फिफीचा बाप. मी म्हटलं, "कसली नळी?"

"काही नाही. हे हेरिंग किती वाळवलंस, लाकूड झालंय."

"बेन्यिवा, कसली नळी?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग माझ्या अगदी जवळ बसली. "शेवटचं वर्षभर लघवीची नळी होती त्याला. कमरेला पिशवी, पोरगा भेटायला आला की पांघरुणाखाली झाकायचे. दुखणं हाडांपर्यंत गेलं होतं. आमच्या मुख्यानं, नाना एजिरनं, सगळ्यांना ताकीद दिली होती, शब्द दाराबाहेर जाता कामा नये. तू माझ्याकडून ऐकलं नाहीस हं, मन्सा."

टोपली कुणाच्या तरी स्वाधीन केली आणि तडक गाडी पकडून दवाखाना गाठला. अंगाला मासळीचा वास, डोक्याला बांधलेलं फडकं सुटलेलं. आणि माझं लक्षण बघा, गेल्या गेल्या मी जिफावरच ओरडले.

"तू नीट विचारलं का नाहीस? वाद का नाही घातलास माझ्याशी?"

तिनं कपाटातून फिफीचा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. मला वाचता येतं, कमी येतं पण येतं. वडिलांच्या रकान्यात "नाही" होतं. आणि बाजूला बारीक अक्षरात, "उत्तर बहिणीनं दिलं."

बेन्यिवाचं बोलणं मी तिला सांगितलं. तिनं पाणी दिलं.

"मी पण चुकले मावशी," ती म्हणाली. "आमच्याकडे माणूस पाणी प्यायच्या आधी बापाचं नाव सांगतो. तुमच्याकडे बापाबद्दल माहीतच नसेल, हे माझ्या डोक्यात नाही आलं. मी 'माहीत नाही' लिहायला हवं होतं. नुसती नळी ग्रंथीच्या साध्या वाढीनंही लागते, वय झालं की. पण हाडांपर्यंत म्हणताय तर... किती वर्षांचे होते ते? त्यांच्या भावांपैकी कुणाला होता? ते कळलं तर बरं. पण मामांना उद्याच घेऊन या. वर्षभर थांबायचं नाही आता."

तिथून मी फिफीच्या शेडवर गेले. तो इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हात बाहेर काढले, चिंधीला पुसले, बराच वेळ पुसत राहिला.

"बाजारातली बाई बोलली म्हणून मी माझ्या बापाला असला आजार लावू?"

"अरे, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तो तुमचा कुणी नव्हता अक्का. माझा होता. मला सायकल त्यानं शिकवली. त्याच्या माणसांना समोर बसून सांगू दे, मग मी कुठंही येईन. बाजारगप्पांवर नाही यायचा."

इतक्या वर्षांत त्यानं मला असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. त्या माणसाचं नावही मी घरात कधी धड घेतलं नव्हतं.

मग एकच वाट राहिली. दुसऱ्या घराण्याच्या मयताबद्दल काही विचारायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. श्नॅप्स दारूची बाटली न्यायची, बसायचं, कुशल विचारायचं आणि मग तोंड उघडायचं. लग्नासाठी बाटली नेलेली मी शंभरदा पाहिली आहे, जमिनीच्या तंट्यासाठी नेली आहे. मेलेला माणूस कशानं मेला हे विचारायला कुणी नेल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. आमच्या घरातल्या मुख्य माणसाला मी सांगितलं तर तो म्हणाला, मन्सा, उन्हात बसू नकोस. मी त्याच्याशिवाय निघाले. रविवारी प्रार्थना आटोपून फिफी आणि मी, दोघंच.

नाना एजिर ओटूचा धाकटा भाऊ, त्यांच्या घराण्याचा मुख्य. त्र्याहत्तरचा. निवृत्त पोस्टमास्तर, अंगावरच्या कापडाला इस्त्रीची घडी, पाठ ताठ. शेजारी त्यांचा बोलणारा. थोरांशी थेट बोलायचं नसतं, या माणसाला सांगायचं आणि त्यानं तिकडं सांगायचं.

पाणी झालं, कुशल झालं, बाटली समोर ठेवली. बोलणारा म्हणाला, "पाहुण्यांनी येणं कसं केलं?"

"नानांना विचारा," मी म्हटलं, "फिफीचा बाप कशानं गेला?"

बोलणारा वळला. "नाना, आपल्या दिवंगत बंधूंच्या आठवणीनं या बाईंचं मन व्याकूळ झालं आहे."

"व्याकूळ नाही झालं, विचारलंय!"

नाना छताकडं बघत म्हणाले, "त्यांना सांगा, ताप होता."

"फिफी म्हणतो कंबर दुखायची."

"तापात कंबर दुखते."

"आणि नळी? तापाला नळी लावतात होय?"

हे काही बोलणाऱ्याला गोड करता येईना. तो खोकत बसला. नानांचा चेहरा दगड झाला. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "बाटली उचलावी."

बाटली परत घेऊन जा म्हणणं म्हणजे तोंडात मारणंच. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी बाटली उचलली असती, आणि जाताजाता त्यांच्या आज्यापणज्याचा उद्धार केला असता. शब्द ओठांवर आले होते. पण फिफी उठला, चपला काढल्या आणि जाऊन नानांच्या पायाशी जमिनीवर बसला. बापाचा भाऊ तो बापच. त्यानं बोलणाऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाबा," तो म्हणाला, "माझ्या रक्तात काहीतरी सापडलंय. किंचित आहे म्हणतात. पुढच्या वर्षी या म्हणालेत. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. पुढच्या वर्षी जायचं की उद्या जायचं, एवढंच सांगा."

नानांनी बोलणाऱ्याला गार पाणी आणायला पाठवलं. समोर पाण्याचं भांडं भरलेलं होतं. तो गेल्यावर ते म्हणाले, "उद्या जा."

मी पुढं सरकून बसले.

"ओटूला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेव्हा हाडात गेलं होतं. दोन वर्षं काढली. तोच आजार." मग त्यांनी मांडीवरचं कापड सारखं केलं. "आणि मलाही आहे. सहा वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी केप कोस्टला जाऊन इंजेक्शन घेतो. घरी सांगतो, पेन्शनच्या कागदांसाठी जातोय."

"सहा वर्षं पेन्शनचे कागद?" मला राहवलं नाही. "आणि बायको मानते?"

"ती म्हणते, सरकारच तसलं आहे."

मला हसू फुटलं. देवाशपथ, त्या घडीला हसू फुटलं, आणि त्या ताठ म्हाताऱ्याच्या मिशीतही काहीतरी हललं. मग मला संताप आला.

"मग या पोराला का नाही सांगितलंत? सहा वर्षं तुम्ही औषध घेताय आणि हा मोकळा फिरतोय!"

"ओटूनं माझा हात धरला होता. म्हणाला, हे माझ्याबरोबर पुरा. लोक काय म्हणतात माहीत आहे ना, याचं पुरुषपण गेलं म्हणतात." नाना आता थेट माझ्याकडं बघत होते. "आणि फिफी तुमच्या घरचा. आमच्या घरातलं तुमच्या घरात कसं येऊन सांगायचं? तुम्ही बसू तरी दिलं असतं?"

बसू दिलं नसतं. ओटूच्या शेवटच्या वर्षात फिफी मला दोनदा म्हणाला होता, अक्का, चल ना भेटायला. मी म्हटलं होतं, मासळीचे दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी जिफासमोर मी स्वतः बोलले. "खोड ते 'नाही'. बाप, बावन्नाव्या वर्षी. बापाचा भाऊ, सदुसष्टाव्या. लिही." तिनं लिहिलं. या वेळी बाजूला काही बारीक अक्षरात लिहिलं नाही.

नवा आकडा चारच्या वर गेला होता. मग केप कोस्ट. तिथं यंत्रातून फोटो, मग सुईनं बारीक तुकडे काढणं. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझ्या भट्टीवरच्या पोरींना विचारा. मी कुणालाही एक शब्द बोलले नाही, त्यामुळं त्या जास्त घाबरल्या. नवव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर आहे. लहान आहे, ग्रंथीच्या कवचाच्या आतच आहे, बाहेर कुठं गेलेला नाही. काढून टाकता येईल. मी विचारलं, वर्षभर थांबलो असतो तर? ते म्हणाले, बाई, तेव्हा मी हेच बोललो असतो का, ते मला सांगता येत नाही.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात मक्याचं केंके आणि सूप घेऊन गेले तर फिफीच्या खाटेशी इस्त्रीचं कापड नेसलेला म्हातारा बसलेला. मला बघून नाना उठले.

"पेन्शनच्या कामाला आलो होतो," ते म्हणाले.

"बसा हो," मी म्हटलं, आणि सूप त्यांना आधी वाढलं.

सुरुवातीचे काही महिने फिफीला त्रास झाला, नाही असं नाही. लघवी आवरायची नाही, कपड्यांची पंचाईत व्हायची, माणसांत बसायला लाजायचा, एसाबाशीही नीट बोलायचा नाही. पण बायको खमकी. हळूहळू रुळावर आलं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा जवळजवळ शून्य. त्या दिवशी मी भट्टीवरच्या पोरींना सुट्टी दिली आणि नंतर दोन दिवस त्या माझी तब्येत विचारत होत्या.

आता मी खरी गोष्ट सांगते, कारण माझी दुसरी फजिती इथं आहे.

त्याच संध्याकाळी ओसरीत बसलो असताना फिफी म्हणाला, "अक्का, आता एसाबाच्या घराण्याला सांगायला हवं. जोजो आणि कुकू त्यांच्याकडचे."

"काय सांगायचं?"

"माझ्या आजाराचं."

"वेडा आहेस का!" मी म्हटलं. "झालं ना बरं? आता आपल्या घरातलं उघड्यावर कशाला मांडायचं? तो एसाबाचा मामा आनामान काय कमी आहे? उद्या सगळ्या बाजारात सांगत सुटेल, मन्साच्या भावाचं असं असं झालं म्हणून. तुझ्या मुलांना आपण हळूच कानात सांगू कधीतरी, लग्नंबिग्नं झाली की. किंवा—"

फिफी माझ्याकडं बघत होता, रागानं नाही.

"नाना एजिरही असंच म्हणाले होते," तो म्हणाला.

मी उठून आत गेले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. स्वतःच्या भावासाठी परक्या घराण्याच्या दारात जाऊन मी मेलेल्याचं आजारपण मागितलं होतं, आणि आता माझ्याकडचं द्यायची वेळ आली तर मूठ उघडेना. भट्टीपुढं बसून मला माझीच एवढी लाज वाटली की धूर डोळ्यांत जातोय असं दाखवत राहिले. तिसऱ्या दिवशी एसाबा आली.

"अक्का," ती म्हणाली, "मी मामांना सांगितलं असतं. पण बायकोनं सांगितलेलं ते ऐकतील आणि विसरतील. तुमच्या घराकडून आलं तर लक्षात ठेवावंच लागेल."

मी हात धुतले आणि बाटली आणायला माणूस पाठवला.

आनामान हा एसाबाचा मामा, त्यांच्याकडचा मुख्य. एकसष्टचा, पोट सुटलेलं, चार मालट्रक रस्त्यावर, आणि माझ्याशी जुना उभा दावा. एकदा त्याच्या गाडीत माझी मासळी नासली होती. त्यानं आमच्यासमोर बोलणारा वगैरे ठेवला नाही. थेट म्हणाला, "मन्सा आणि बाटली? कुणाचं लग्न काढलंस?"

फिफी बोलणार होता. मी त्याला थांबवलं. चूक माझ्या तोंडानं झाली होती, तर हेही माझ्याच तोंडानं व्हायला हवं होतं. जोजो आणि कुकू भिंतीशी बसले होते. जोजो बावीसचा. बाप गेला तेव्हा फिफी तेवढाच होता.

"लग्न नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. लवकर सापडला, काढला, आता तो बरा आहे. त्याच्या बापाला होता, बापाच्या भावाला आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. हे दोघे मुलगे तुमच्या घरचे, पण हे त्यांच्याकडं आमच्याकडून आलंय. त्यांना चाळिशी लागली की दरवर्षी रक्त तपासायला बसवा, आणि नर्सनं विचारलं की हो म्हणायला सांगा. मी तेव्हा असेन नसेन. तुमच्या घराला आठवण राहावी म्हणून सांगायला आलेय."

मला वाटलं आता आनामान हसणार. मग जोजो उठला, येऊन बापाच्या शेजारी बसला, आणि एवढा थोराड पोरगा, त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. फिफीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मी धुराचं नाव सांगितलं नाही.

आनामाननं बाटली उघडली. जमिनीवर थोडी ओतली, आपल्या पूर्वजांची नावं घेतली, आणि मग जरा थांबून त्यानं ओटूचंही नाव घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्या क्षणी मी त्याला नासलेली मासळी माफ केली. सगळी नाही, निम्मी.

निघताना तो फाटकापर्यंत सोडायला आला. फिफी आणि पोरं पुढं गेली होती. आनामाननं मागं बघितलं, मग आवाज खाली आणला.

"मन्सा, ती केटाची नर्स कोणत्या वारी बसते?"

"मंगळवारी. सकाळी आठला. नुसतं रक्त घेतात, घाबरू नकोस."

"घाबरतो कोण?"

"बरं. मग जायच्या आधी एक ठरवून ठेव. ती विचारेल, तुझा बाप कशानं गेला."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. चार मालट्रकांचा मालक, अख्ख्या घराण्याचा मुख्य, पन्नास मयतांना पुढं उभा राहिलेला माणूस. फाटकाचा खांब धरून उभा राहिला आणि आठवायला लागला. मी वाट बघितली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही गं. मुलांनी द्यायची ती शवपेटी घेऊन या म्हणून निरोप आला, आम्ही नेली. मी विचारलंसुद्धा नाही."

"गाव कुठलं त्याचं?"

त्यानं सांगितलं. फार लांब नव्हतं, तासाभराचा रस्ता.

"रविवारी तयार राहा," मी म्हटलं. "मी येते बरोबर."